शेजाऱ्याला पटवून सांगणे

हार्वर्ड विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक माझूर यांचे विद्यार्थी अवघड गणिते सोडवीत. परंतु मालमोटार व छोटी मोटार समोरासमोर आदळल्यास अधिक बल कोणावर पडते, असे विचारताच त्यांतील पुष्कळजण चुकत. (बल दोहोंवर सारखेच पडते.) म्हणून १९९१ च्या सुमारास माझूर यांनी व्याख्यान मध्येच थांबवून असे प्रश्न घालण्याचा प्रघात पाडला. प्रत्येकाने प्रथम एकट्याने उत्तर नोंदवायचे, मग निराळे उत्तर देणाऱ्या शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे. ज्याला गोष्ट नुकतीच उमगली, त्याला अडचण कोठे होती हे आठवत असते. अध्यापक ती केव्हाच विसरलेला असतो. पहिली पायरी गाळली, तर हुशार मुलाच्या बोलण्यावर इतरांनी माना डोलावणे एवढेच उरते. चर्चा चालू असता अध्यापक बाकांमधून हिंडत ती ऐकतो आणि पुढे काय समजावयाचे ते ठरवितो.