गळ्यात मडकं, पायात बूट

चित्रकार योलांडा लोपेझ यांनी १९७८ मध्ये ग्वादालुपेच्या मातेच्या, म्हणजे मेक्सिकोत पूजल्या जाणाऱ्या मेरीच्या रूपात स्वतःलाच रंगवलं: पायात धावायचे बूट, मुठीत साप. चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या कलेत देह असा थेट बोलतो.

आपल्याकडे असा देह रंगवणारे चित्रकार म्हणजे नागपूरचे सवी सावरकर. गळ्यात मडकं, पाठीशी झाडू असा पेशवाईतला अस्पृश्य त्यांनी वारंवार चितारला, देवदासीही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीकराला या देवदासी परक्या वाटायच्या नाहीत. कोल्हापुरातून यल्लम्माच्या जत्रेला, सौंदत्तीला, आजही एसट्या भरून जातात आणि देवीला वाहिलेल्या जोगतिणीच्या डोक्यावरचा जग, म्हणजे टोपलीतली देवीची मूर्ती, सगळ्यांनी पाहिलेली असते. देवाला मुली वाहण्यावर मुंबई प्रांताने १९३४ मध्येच कायद्याने बंदी घातली. प्रथा मात्र रेंगाळली, म्हणून महाराष्ट्राला २००५ चा नवा कायदा करावा लागला.