डायव्हर व्हायचंय? फी भरण्याआधी हे विचारा

मालवण-तारकर्लीला पर्यटकांना स्कुबा करवणारी मुलं आपण पाहतो. त्यामुळे गटातल्या बायका आम्हाला विचारतात, 'कर्ज काढून मुलाला किंवा मुलीला हे शिकवावं का?' आम्ही म्हणतो, जरूर शिकवा. पण पाण्याखालची कामं दोन तऱ्हेची आहेत. एकाचं सर्टिफिकेट दुसऱ्याला चालत नाही, म्हणून आधी काम ठरवा, मग फी भरा.

पहिलं काम पर्यटनाचं. यातला सुरुवातीचा कोर्स 'ओपन वॉटर'. तो केला की १८ मीटरपर्यंत उतरता येतं, पण तेवढ्यावर नोकरी मिळत नाही. पुढे 'ॲडव्हान्स्ड', 'रेस्क्यू' आणि मग 'डाइव्हमास्टर'. पाडी या जगभर चालणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे डाइव्हमास्टरला वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा दाखला आणि वहीत नोंदलेल्या ६० बुड्या लागतात. खरी कमाई इथून सुरू होते. त्यानंतर इन्स्ट्रक्टर होता येतं. तारकर्लीत एमटीडीसीची 'इसदा' ही संस्था हे शिक्षण देते. काम मालवण, गोवा, अंदमान, मालदीव इथे असतं. पाण्याला घाबरणाऱ्या बाईला सोबत बाईच असली तर धीर येतो, म्हणून मुलींनी मागे राहू नये.

दुसरं काम कमर्शियल डायव्हिंगचं. मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रातल्या पाइपलाइन, जहाजांचे तळ, पुलांचे खांब, धरणांचे दरवाजे पाण्याखाली तपासायचे, दुरुस्त करायचे. त्याचं प्रशिक्षण वेगळं आणि बरंच महाग. कामं बहुधा कंत्राटी. पैसा जास्त, तसा धोकाही जास्त. खोलातून घाईनं वर आलं तर रक्तात वायूचे बुडबुडे होतात. त्यानं अपंगत्व येऊ शकतं, जीवही जाऊ शकतो.

म्हणून मालकाला चार गोष्टी विचारा. पगार महिन्यावर की बुडीवर? विमा कोण काढतं? बोटीवर ऑक्सिजन असतो का? पावसाळ्यात कोकणात स्कुबा बंद असतं, तेव्हा पगार मिळतो का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, तर कर्ज देताना गटानं हप्ते हंगामाच्या महिन्यांतच बसवावेत. नाहीतर कमाई बंद आणि हप्ता चालू, अशी वेळ आईवर येते. येत्या बैठकीत हा विषय जरूर काढा.