नवजाताच्या मेंदूतील रक्तस्राव : सांकेतांक आणि कारण

नवजात अर्भकाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘मेंदूत रक्तस्राव’ एवढेच लिहिले, तर ते असत्य नसते; अपुरे मात्र असते. रक्तस्राव कोठे, किती व कशामुळे झाला, हे त्यातून कळत नाही. तो कागद नोंद विभागात गेला की त्यावर पी ५२.९ हा सांकेतांक पडतो. त्याचा अर्थ : आघाताविना झालेला, प्रकार न सांगितलेला रक्तस्राव. एका बालकाच्या आजाराचे कारण तेथेच हरवते.

रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे मूळ १८९३ साली शिकागो येथे मान्य झालेल्या, झाक बर्तियाँ यांच्या मृत्युकारणांच्या यादीत आहे. १९९० साली संमत झालेली त्याची दहावी आवृत्ती आपल्या परिचयाची आहे. अकरावी २०२२ पासून अमलात आली. दहाव्या आवृत्तीत या रक्तस्रावाचा विचार मुख्यतः तीन ठिकाणी करावा लागतो.

पहिले, पी १०. अडलेली प्रसूती, फोर्सेप्स वा व्हॅक्यूमचा वापर अशा प्रसंगी झालेल्या इजेमुळे होणारा रक्तस्राव येथे येतो.

दुसरे, पी ५२. यात आघाताविना होणारे रक्तस्राव येतात. अकाली जन्मलेल्या बालकाच्या मेंदूतील पोकळ्यांच्या, म्हणजे व्हेंट्रिकलच्या, कडेच्या रक्तवाहिन्या अत्यंत नाजूक असतात. बहुतेक वेळा पहिल्या ७२ तासांतच त्या फुटतात. १९७८ साली ल्यू-अ‍ॅन पपाइल व सहकाऱ्यांनी १,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या ४६ बालकांचे सीटी स्कॅन केले; २० बालकांत रक्तस्राव आढळला. त्यांनी सांगितलेल्या चार श्रेणी आजही वापरात आहेत. पहिल्या श्रेणीस पी ५२.०, दुसरीस पी ५२.१, तर तिसरी व चौथी यांना मिळून पी ५२.२. अमेरिकेतील आवृत्तीत या शेवटच्या दोन श्रेणींना स्वतंत्र सांकेतांक आहेत, आणि ते योग्यच होय. कारण चौथ्या श्रेणीत मेंदूच्या पेशीजालालाच हानी पोहोचलेली असते.

तिसरे, पी ५३. जीवनसत्त्व ‘के’च्या अभावाने होणारा नवजाताचा रक्तस्रावी आजार.

हा भेद केवळ कारकुनी नाही. पहिल्याचा उपाय प्रसूतिकक्षात आहे. दुसऱ्याचा धोका अकाली प्रसूतीची चाहूल लागताच मातेस दिलेल्या स्टिरॉइडमुळे कमी होतो. तिसरा तर जन्मतःच दिलेल्या एका इंजेक्शनने बहुतांशी टळतो. तिन्ही एकाच आकड्यात मिसळले, तर आपल्या जिल्ह्यात नेमके काय कमी पडते आहे, हे वर्षअखेरीच्या तक्त्यावरून कधीच उमगणार नाही.

‘इजा’ हा शब्द लिहिताना कायद्याची धास्ती वाटते, हे मान्य केले पाहिजे. पुराव्याविना तो लिहू नये. तसाच पुरावा असता तो टाळूही नये.

आपल्या सीमाभागात आई मराठी बोलते, सरकारी दफ्तर कन्नड असते, केसपेपर इंग्रजी. सांकेतांक मात्र सर्वांना सारखाच वाचता येतो. तो लावणारा कर्मचारी तर्क करू शकत नाही. लिहिलेले तेवढेच तो नोंदवतो. म्हणून गर्भकाल व वजन, प्रसूतीचा प्रकार, टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीची तारीख, रक्तस्रावाची जागा व श्रेणी, आणि जीवनसत्त्व ‘के’ दिले की नाही, एवढे आपण आपल्या हाताने लिहावे. त्यासाठी दोन मिनिटे पुरेशी आहेत, आणि पुढच्या बालकाच्या रक्षणाचा आरंभ त्याच दोन मिनिटांत आहे.