गुहेला कुलूप कुणी लावायचं?

१९७४च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, बेन्सन गावाजवळ व्हेटस्टोन डोंगरांच्या पायथ्याशी, दोन तरुण एका खचलेल्या खड्ड्यात उतरले. गॅरी टेनन आणि रँडी टफ्ट्स. दोघांनाही गुहांचं वेड. टफ्ट्सनं हा खड्डा काही वर्षांपूर्वी पाहून सोडून दिला होता. या खेपेला मात्र फटीतून दमट, कोमट वारा येत होता आणि त्याला वटवाघळांच्या विष्ठेचा वास होता. वाळवंटात जमिनीखालून असा वारा आला की त्याचा अर्थ गुहा धुंडाळणाऱ्यांना समजावून सांगावा लागत नाही. आत उभं राहता येईल एवढी जागा, तिथे जुन्या पावलांचे ठसे आणि मोडलेले लवणस्तंभ. म्हणजे इथवर कुणीतरी आधीच येऊन हात साफ करून गेलं होतं. त्याच्या पुढे पपनसाएवढं भोक. हातोडी-छिन्नी घेऊन ते अंग शिरेल इतकं वाढवलं, सरपटत पलीकडे गेले, आणि तिथे कुणाच्या येण्याजाण्याची खूणच नव्हती.

जमीन खासगी होती. कायद्याच्या भाषेत हे दोघेही घुसखोरच. पण त्या परिसरातल्या इतर गुहांचं काय झालं होतं ते त्यांनी पाहिलं होतं: भिंतींवर रंगाच्या फवाऱ्यानं लिहिलेली नावं, बिअरचे डबे, आठवण म्हणून तोडून नेलेले खडे. एक जण दुसऱ्याला सांगतो, दुसरा चौघांना घेऊन येतो, आणि पाच-दहा वर्षांत गुहेत बघण्यासारखं काही उरत नाही. म्हणून त्यांनी ठरवलं की गप्प बसायचं. गुहेचं नाव बोलताना येऊ नये म्हणून तिला ‘झॅनाडू’ हे टोपणनाव दिलं. ज्या मोजक्या मित्रांना आत नेलं त्यांच्याकडून गुप्ततेच्या कागदावर सह्या घेतल्या. आत एकच पायवाट आखून घेतली आणि तिच्याबाहेर पाऊल टाकायचं नाही असा नियम केला.

एवढी काळजी कशासाठी, हे गुहेचं शास्त्र थोडं पाहिलं की कळतं. चुनखडीतून झिरपलेलं पाणी छताला लोंबतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्साइटचा सूक्ष्म थर मागे राहतो. थरावर थर चढत अधोमुखी लवणस्तंभ होतो. या गुहेत सव्वासहा मीटरहून लांब अशी एक पोकळ, जेमतेम पाव इंच जाडीची नळी छतापासून लोंबते आहे. तिला धक्का लागला तर ती परत घडवायला माणसाची कितीही आयुष्यं पुरणार नाहीत. नुसतं बोट लावलं तरी त्वचेचं तेल पृष्ठभागावर राहतं, पाणी नीट चिकटत नाही आणि तिथली वाढ अडते. देवळातल्या मूर्तीवर हात फिरवून कपाळाला लावायची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे पटवणं सर्वांत अवघड जाईल, असं मला वाटतं.

चार वर्षं गुपित राखल्यावर, १९७८ साली, दोघांनी मालकाला गाठलं. हा माझ्या मते या सगळ्या हकिकतीतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय. जमीन जेम्स आणि लोइस कार्चनर या दांपत्याची. जेम्स शाळेत शिकवत असत. आपल्या माळाखाली काय आहे याची त्यांना कल्पनाही नव्हती. मालकानं त्या दिवशी ‘चालते व्हा’ म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. तसं न होता कार्चनर कुटुंबातल्या माणसांनी स्वतः सरपटत आत जाऊन गुहा पाहिली आणि तोंड बंद ठेवलं. कुटुंब मोठं, बारा मुलांचं. एवढ्या घरात गोष्ट बाहेर फुटू न देणं म्हणजे काय, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

मालकी हा मुद्दा इथे नीट समजून घ्यायला हवा. आपल्याकडे जुनी स्मारकं पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे लेणं म्हटलं की सरकार डोळ्यांसमोर येतं. अमेरिकेत ज्याची वरची जमीन त्याचीच खालची गुहा. केंटकी राज्यात एडवर्ड्स नावाच्या गृहस्थांना १९१५ साली ‘ग्रेट ऑनिक्स’ गुहा सापडली. तोंड त्यांच्या जमिनीत, म्हणून त्यांनी तिकीट लावून धंदा सुरू केला. गुहेचा काही भाग आपल्या रानाखाली येतो म्हणून शेजारी ली कोर्टात गेले. १९२९ साली कोर्टानं मोजणीला परवानगी दिली, आणि पुढे लींच्या वारसांना नफ्यातला वाटाही मिळाला. ज्या शेजाऱ्याला आपल्या हद्दीतून खाली उतरायला वाटच नव्हती, तोही मालक ठरला. बांधाच्या भांडणात पिढ्या घालवणाऱ्या आपल्या मुलखात हा निकाल कुणालाही चटकन समजेल.

मालकी आली की राखणही आली. अमेरिकेत गुहांच्या रक्षणाचा केंद्रीय कायदा १९८८ साली झाला. त्यात महत्त्वाच्या गुहांची नेमकी जागा जनतेपासून गुप्त ठेवण्याचीही तरतूद आहे. पण तो फक्त केंद्र सरकारच्या जमिनीवरच्या गुहांना लागू. खासगी गुहेला आधार म्हणजे त्या त्या राज्याचा कायदा, तोही असला तर. त्यातून कुणी चोरून उतरला आणि पाय मोडून बसला तर मालकालाच कोर्टात खेचेल ही धास्ती. त्यामुळे कितीतरी मालक सोपा उपाय करतात: दगडमाती ढकलून तोंड बुजवून टाकतात. घुसखोर थांबतात हे खरं, पण हवा थांबते, पाणी तुंबतं आणि वटवाघळं आत गाडली जातात.

दार बसवायचं तर तेही कसंही बसवून चालत नाही. पूर्वी पत्र्याची किंवा लाकडाची बंद दारं लावली गेली आणि वटवाघळांनी त्या गुहा सोडल्या. आता जाड लोखंडी अँगल आडवे वेल्ड करतात आणि दोन पट्ट्यांमध्ये साधारण १५ सेंटिमीटरची फट ठेवतात. वटवाघूळ उडत पार होतं, माणूस अडकतो. यातली एक युक्ती मला फार आवडली: कुलूप मुद्दाम सगळ्या दारापेक्षा कच्चं ठेवतात. फोडणारा फोडणारच, मग त्यानं अँगल कापण्यापेक्षा स्वस्तातलं कुलूप तोडलेलं परवडतं. ‘प्रवेश बंद’ची पाटीही दाराच्या आतल्या बाजूला लावतात. बाहेर लावली तर रस्त्यानं जाणाऱ्याला इथे काहीतरी आहे हे आपणच सांगितल्यासारखं होतं.

कार्चनर कुटुंब, टेनन आणि टफ्ट्स यांच्यापुढे याहून मोठा पेच होता. गुहा हमरस्त्याच्या जवळ. आज ना उद्या दुसरं कुणी त्या खड्ड्यात उतरणार. म्हणजे गुप्तता ही मुदतीची सोय, कायमची नव्हे. मग ज्यांना गर्दी नको होती त्यांनीच उलटा मार्ग धरला: गुहा लोकांना दाखवायची, पण पहाऱ्यात. राज्य सरकारशी बोलणी झाली तीही दबक्या आवाजात. १९८८च्या एप्रिलमध्ये खरेदीचा कायदा झाला, सुमारे १६ लाख डॉलरला जमीन राज्याकडे गेली, आणि तेव्हा कुठे लोकांना कळलं की अशी काही गुहा आहे.

दार उघडलं नोव्हेंबर १९९९ मध्ये. मधली अकरा वर्षं आणि २ कोटी ८० लाखांच्या आसपास डॉलर कशात गेले? मोठा हिस्सा हवेत. आतली आर्द्रता ९९ टक्क्यांच्या घरात, बाहेर कोरडं ठणठणीत वाळवंट. माणसांसाठी मोठं तोंड पाडलं की आतलं पाणी उडून जाणार आणि जिवंत गुहा वाळणार. म्हणून बोगद्यात एकामागोमाग एक हवाबंद दारं बसवली. एक बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही. कपड्यांचे तंतू आत पडू नयेत म्हणून प्रेक्षकांवर पाण्याचा बारीक फवारा मारतात. चुकून कुणाचा हात लवणस्तंभाला लागला तर वाटाड्या ती जागा खूण करून ठेवतो आणि नंतर ती धुतात. ‘बिग रूम’ नावाचं दालन एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं, कारण तेव्हा तिथे वटवाघळांच्या माद्या पिल्लं घालतात.

आपल्या सह्याद्रीत असल्या गुहा नाहीत, कातळ बेसॉल्टचा. पण नाव कोरायची खाज दगड बघत नाही. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं १८१९ साली चित्रावर ओरखडलेलं नाव आजही आहे. भारतात कार्चनरच्या जवळ जाणारी स्थिती आहे ती मेघालयात. तिथली बहुतेक जमीन सरकारची नाही. कुळांची, गावांची किंवा व्यक्तींची आहे, आणि खाली मैलोन्‌मैल चुनखडीच्या गुहा. सोहराजवळच्या मावम्लू गुहेतल्या ऊर्ध्वमुखी लवणस्तंभावरून ४२०० वर्षांपूर्वीपासूनच्या कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव २०१८ साली जगभर मान्य झालं, आणि त्याच परिसरात सिमेंटसाठी चुनखडीच्या खाणीही आहेत. खाणीचे पैसे सोडून गुहा राखा, असं मालकाला सांगायचं तर त्याच्या पदरात काय टाकणार, याचं उत्तर आधी हवं. कार्चनरांना निदान खरेदीची रक्कम आणि गुहेला आपलं नाव मिळालं.

मुलानातवंडांकडे अ‍ॅरिझोनाला जाणार असाल तर ‘कार्चनर कॅव्हर्न्स’ टूसॉनपासून तासाभराच्या अंतरावर आहे. तिकीट आधी काढून ठेवा, ‘बिग रूम’ बघायची तर हिवाळ्यात जा, आणि कॅमेरा, मोबाइल आत चालत नाही हे घरच्यांना निघण्याआधीच सांगा.