चार इंचाचा पाइप किती इंचांचा?

थर्ड इयरची परीक्षा संपल्यावर ट्रेनिंगसाठी मी महिनाभर नागोठण्याला होतो. नागोठणे म्हटलं की सगळ्यांना तिथला गॅस क्रॅकरच आठवतो, म्हणजे आयपीसीएलचा, जी २००७ साली रिलायन्समध्ये विलीन झाली. मी होतो तो कारखाना दुसरा आणि बराच लहान. नाव सांगत नाही, कारण चूक मीच केली होती.

काम सोपं वाटलं. स्टीमच्या चार इंची लाइनवर ५० मि.मी. जाडीचं रॉकवूल आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवून झाला होता. ठेकेदाराला चौरस मीटरवर पैसे मिळायचे आणि त्यावरच मिस्त्री नि त्याच्या चार पोरांची मजुरी. सुपरवायझर म्हणाले, "इंजिनिअर होणार ना? मग मेजरमेंट शीट भर." मी ड्रॉइंग घेतलं, सरळ लांबी ६० मीटर धरली, पाइपाचा व्यास घेऊन पायने गुणलं आणि साडेएकवीस चौरस मीटर लिहून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री शीट घेऊन आले. वयाने माझ्या वडिलांएवढे, तरी मला "साहेब" म्हणायचे. "साहेब, पत्रा मी पाइपावर लावला का लोकरीवर?" मला काही सुचेना. त्यांनी खिशातून सुतळी काढली, पत्र्याभोवती एक वेढा घेतला, टेपवर ठेवली. साडेसदुसष्ट सेंटिमीटर भरली. माझ्या शीटवर होते छत्तीस.

आता हिशेब बघा. चार इंच हे पाइपाचं नुसतं नाव. त्याचा बाहेरचा व्यास ११४.३ मि.मी. असतो. (सहा इंचीचा १६८.३. चौदा इंचांपासून पुढे मात्र नाव आणि बाहेरचा व्यास जुळतात. हे टेबल पाठ नसलं तरी चालेल, पण असं टेबल असतं हे माहीत हवं.) जाडी दोन्ही बाजूंनी येते, म्हणून ५० नव्हे, १०० मिळवायचे. व्यास झाला २१४.३. मीटरला ०.६७३ चौरस मीटर, ६० मीटरला ४०.४. मी जवळजवळ १९ चौरस मीटर, म्हणजे त्या पोरांची निम्मी मजुरी, एका ओळीत खाल्ली होती.

पाइप जितका बारीक तितकी ही चूक मोठी. एक इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ३३.४ मि.मी. त्यावर तेच ५० चढवा, क्षेत्रफळ चौपट होतं. उलट दोन मीटर व्यासाच्या व्हेसलवर ७५ चढवले तर जेमतेम साडेसात टक्के वाढतं.

पण व्हेसलचीही शीट मीच भरली होती आणि तिथे मी वेगळ्या ठिकाणी घसरलो. सरळ भाग ४ मीटर, बाहेरचा व्यास २.१५, म्हणजे २७ चौरस मीटर. इथपर्यंत ठीक. दोन्ही टोकांना मी पाय आर स्क्वेअर लावला, जणू डब्याचं झाकण! ती असतात फुगीर डिश. नेहमीच्या दोनास एक लंबवर्तुळी डिशचं क्षेत्रफळ साधारण १.०८४ गुणिले व्यासाचा वर्ग. दोन्ही मिळून १० चौरस मीटर भरतं, माझे आले होते सव्वासात. आणि जास्त कष्ट तिथेच असतात. पत्र्याच्या पाकळ्या कापून संत्र्याच्या फोडींसारख्या जोडाव्या लागतात.

राहिले बेंड. लाइनवर सोळा होते. वळणाच्या मध्यरेषेची लांबी गुणिले बाहेरचा परीघ केलं की भूमितीने बरोबर उत्तर येतं, पॅपसचा नियम तो हाच. एका बेंडचे ०.१६ चौरस मीटर. मिस्त्रींचं म्हणणं, टेप बाहेरच्या वळणावरून धरा. तसं केलं तर ०.२७ येतात. मी म्हटलं, मामा, हे गणितात बसत नाही. ते म्हणाले, "गणितात नाय, पण हातात बसतंय. एका बेंडला सात तुकडे कापावे लागतात." हे खोटं नव्हतं. म्हणूनच बेंड, व्हॉल्व्ह, फ्लँज कसे मोजायचे हे वर्क ऑर्डरमध्ये आधीच लिहून घेतात.

आमच्या ऑर्डरमध्ये "तयार बाह्य पृष्ठभाग" एवढंच होतं. त्या तीन शब्दांवर पाइप आणि डिशचे आकडे सुधारून मिळाले. सुपरवायझर कुरकुरले, पण बिल अजून पुढे गेलं नव्हतं, त्यांनी सही केली. बेंड मात्र मध्यरेषेवरच धरले गेले. सोळा बेंडचे मिळून पावणेदोन चौरस मीटर मिस्त्रींना शेवटपर्यंत मिळाले नाहीत.

ती सुतळी मी मागून घेतली. होस्टेलवर माझ्या टेबलाच्या खणात आहे, कुणाला सबमिशनला हवी असेल तर न्या, पण परत आणून द्या.