पिनच्या आत कोण बघतो?

दुपारचे तीन. बायपासच्या गॅरेजात पत्र्याच्या शेडखाली एक पोकलेन बकेट जमिनीला टेकवून उभं आहे. फ्रान्सच्या पोक्लेन कंपनीचं नाव आपल्याकडे या यंत्राचंच नाव होऊन बसलं. मिस्त्रींचा रोजा आहे. पहाटेच्या सहरीनंतर पाण्याचा घोट नाही. हाताखालचा पोरगा माठातलं पाणी आडोशाला जाऊन पितो. "इथंच पी रे," मिस्त्री हसतात, "तुझ्या पाण्यानं माझा रोजा तुटत नाही."

तक्रार नेहमीची: बकेट हलते, खटखट वाजते. सिलिंडरच्या दांड्याच्या टोकाला गोल डोळा असतो. तो दोन कानांच्या मधे बसतो आणि तिघांतून जाड पिन जाते. डोळ्याच्या आत बुश असतो. मशीन राबतं तशी झीज दोन ठिकाणी होते. डोळा आणि कान यांच्यामधली बाजूची फट वाढते. आणि पिन व बुश झिजून वर-खाली खेळ येतो. दुखणी दोन, म्हणून औषधंही दोन.

बाजूच्या फटीला शिम, म्हणजे मधे भोक असलेली पोलादी चकती. डोळा एका कानाकडे सारायचा, फीलर गेजनं फट मोजायची, मशीनच्या पुस्तकात सांगितलेली थोडी मोकळीक सोडायची आणि उरलेली जागा दोन्हीकडे सारख्या चकत्या घालून भरायची. सिलिंडर मधोमध राहिला पाहिजे. एकीकडे सरकला तर डोळा कानाला घासतो, दांड्यावर तिरका जोर येतो, सील जातात, तेल गळतं. चकत्या ठासून भरल्या तर सांधा आवळतो.

वर-खाली खेळाला मात्र शिम चालत नाही. पिन, बुश मोजून बदलावे लागतात. कानांची भोकंच लांबट झाली असतील तर वेल्डिंगनं भरून लाइन बोरिंग करावं लागतं. वेळ जातो, पैसाही.

इथंच मालक अडले. "मिस्त्री, पिनला पत्रा गुंडाळा अन् ठोकून द्या. उद्या शेततळ्यावर मशीन उभं पाहिजे. नाहीतर दुसरीकडे नेतो."

पत्रा गुंडाळला की खटखट थांबते, हे खरं. पण थोड्याच दिवसांत तो फाटतो, ग्रीसची वाट अडवतो, पिनेवर ओरखडे पाडतो. तोवर बिल दिलेलं असतं. ईद तोंडावर, घरात पोरांचे कपडे घ्यायचेत. गिऱ्हाईक गेलं तर मिस्त्रींनाही जड जाणार होतं.

मिस्त्री वाद घालत बसले नाहीत. त्यांनी पितळी ड्रिफ्ट लावून पिन बाहेर काढली, पुसली आणि मालकांच्या हातात दिली. "अंगठा फिरवा, भाऊ." अंगठा मधल्या खाचेत अडकला. मालक बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बुश कुठं मिळतील?"

संध्याकाळी नवी पिन बसवताना पोरगा भोक जुळलं का ते बघायला बोट घालत होता. मिस्त्री ओरडले, "बोट नको! मशीन केसभर हललं तरी बोट जाईल. बॅटरी मारून बघ."

मी विचारलं, पत्रा गुंडाळला असता तर कुणाला कळलं असतं? ते म्हणाले, "मोरीत जाऊन मी घोटभर पाणी प्यालो तर कुणाला कळेल? तरी पीत नाही ना. पिनच्या आतही कोणी बघत नाही. दोन्हींचा हिशेब एकाच ठिकाणी द्यायचाय." कुराणातली ८३वी सूरह मापात पाप करणाऱ्यांना बजावते. तिथं विषय वजन-मापाचा आहे. मिस्त्रींनी तो फीलर गेजलाही लावला.

मगरीबची अजान झाली. पोरानं खजुराची ताटली आणली. मालकही तिथंच लाकडी खोक्यावर टेकले, ग्रीसचे हात पुसले आणि एक खजूर उचलला.