कुठे टेकवायचं, कुठे नाही

पावसाळ्यात दार फुगून चौकटीला अडतं, तसंच बंदुकीच्या लाकडी दस्त्याचं होतं. फरक एवढाच, की इथे केसाएवढी हालचालही नेम चुकवायला पुरते. बोल्ट-अॅक्शन रायफलीत बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी भाग, म्हणजे अॅक्शन, दस्त्यातल्या खाचेत दोन-तीन स्क्रूंनी आवळलेला असतो. प्रत्येक गोळीनंतर तो पहिल्याच जागी येऊन बसला, तर पुढची गोळी आधीच्या छिद्राला लगटून जाते. जागा हलली, की छिद्रं विखुरतात.

अमेरिकी मरीन दलाला याचा फटका व्हिएतनाममध्ये बसला. रेमिंग्टन ७०० वर बेतलेली एम-४० ही त्यांची १९६६ ची स्नायपर रायफल. तिचे लाकडी दस्ते तिथल्या दमट हवेत वाकायला लागले. सत्तरच्या दशकातल्या एम-४०ए१ ला मग फायबरग्लासचा दस्ता दिला गेला.

अमेरिकेत हौशी नेमबाज आणि शिकारी यावरचा इलाज घरच्या गॅरेजमध्येच करतात. त्याचं नाव ग्लास बेडिंग. दस्त्याची खाच थोडी कोरायची, तिथे काचतंतू मिसळलेलं इपॉक्सी भरायचं आणि त्यातच अॅक्शन बसवायची. चोवीस तासांत इपॉक्सी कडक होतं आणि पोलादाचा हुबेहूब ठसा उमटतो. ब्राउनेल्सचं ‘अॅक्राग्लास’ यासाठी प्रसिद्ध. काही जण पोलादाची भुकटी असलेलं डेव्हकॉन पसंत करतात.

ऐकायला सोपं, पण खरा कस तयारीत लागतो. इपॉक्सी ज्या धातूला लागू शकेल, त्यावर बूट पॉलिश किंवा मेण चढवावं लागतं. ट्रिगरची पोकळी, मॅगझिनची जागा, प्रत्येक भोक मुलांच्या खेळातल्या प्लास्टिसिनने बुजवायचं. एखाद्या भोकात इपॉक्सी शिरून घट्ट झालं, तर रायफल दस्त्यातून सुटतच नाही. असा अडकलेला दस्ता काही जण फ्रीझरमध्ये ठेवून सोडवायला बघतात.

या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे रिकॉइल लग. अॅक्शनच्या पुढच्या टोकाखाली असलेला हा पोलादी ठोकळा सगळा धक्का दस्त्याला देतो. त्याच्या पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या पृष्ठांवर चिकटपट्टी लावतात, मागचं पृष्ठ मात्र उघडं ठेवतात. नंतर पट्टी काढली, की तेवढी फट उरते आणि लग फक्त मागे टेकतो. नळीही दस्त्याला कुठेच शिवू नये. दोघांमधून कागदाची पट्टी अडखळल्याशिवाय सरकायला हवी. माझ्या मते कारागिराची जाण इपॉक्सी भरण्यापेक्षा या मोकळ्या ठेवलेल्या जागांतच दिसते.

घाई करणारा हमखास एक चूक करतो: इपॉक्सी ओलं असताना स्क्रू करकचून आवळतो. अॅक्शन किंचित वाकते आणि तो बाक ठशात कायमचा राहतो. म्हणून स्क्रू हलकेच धरायचे किंवा नुसती टेप गुंडाळायची.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक दुरुस्तीलाही परवाना लागतो, त्यामुळे ही घरगुती कला इथे रुजणं शक्य नव्हतं. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यात तर आता बहुतेक दस्ते अॅल्युमिनियमचेच असतात. लाकडी दस्त्याचा हट्ट धरणाऱ्यांसाठी स्क्रूभोवती अॅल्युमिनियमच्या नळ्या बसवण्याचा मार्ग आहे. त्याने आवळताना लाकूड दबत नाही.

काम जमलं का, ते बोटाला कळतं. नळी आणि दस्त्याच्या सांध्यावर बोट ठेवून पुढचा स्क्रू सैल करायचा. बोटाखाली काहीच हललं नाही, तर अॅक्शन ताणाविना बसली आहे.